१८१५ म्हणजे फक्त वॉटर्लू नव्हे
'१८१५ साली लक्षात ठेवावं असं एकच घडलं, वॉटर्लूची लढाई' असं म्हणतात, ते मला पटत नाही. नेपोलियनचा पाडाव मोठाच, पण त्याआधी दोनच महिने, १० एप्रिलला, आजच्या इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावरचा तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि हजारो माणसं गेली. ५ एप्रिलचे पहिले धडाके जावा बेटावर तोफांसारखे ऐकू आले. शेजारच्या ठाण्यावर हल्ला झालाय असं समजून जावातल्या योग्यकर्ता शहरातून शिपायांची तुकडी निघाली! दुसऱ्या दिवशी सकाळी बारीक राख पडली तेव्हा उलगडा झाला.

या स्फोटाने हवा थंडावून १८१६च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडात बर्फ पडला, स्वित्झर्लंडात पिकं बुडाली, हे बऱ्याचदा सांगितलं जातं. पण डोंगराच्या पायथ्याच्या तांबोरा लोकांची भाषाच संपली. जावाचा तेव्हाचा ब्रिटिश प्रशासक रॅफल्स याच्या ग्रंथात तिचे मोजके शब्द तेवढे उरलेत.