मित्राने दगा दिला तर ख्रिस्ती माणसाने हिशेब मागूच नये?

रामबागकर
परवा आपल्या इंदूरच्या ग्रुपवर एक पोस्ट आली. सार असं: जिवलग मित्राने पैसे बुडवले, वर बदनामी केली, तरी ख्रिस्ती माणसाने हिशेब मागू नये, गेथशेमाने बागेत येशूने आपल्याला पकडून देणाऱ्या शिष्याला, यहूदालाही मित्र म्हणूनच हाक मारली. खाली आमेनची रांग लागली. मला हे अजिबात मान्य नाही. असल्या शिकवणीने फसलेला गप्प बसतो आणि फसवणारा पुढच्या रविवारी दुसरं सावज शोधतो.

मत्तय १८:१५ पासून पुढे पायऱ्या दिल्या आहेत. आधी एकट्याने जाऊन त्याच्या तोंडावर अपराध दाखवायचा. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्यायचं. तरी नाही तर मंडळीसमोर, म्हणजे चर्चसमोर. तिथेही नाही तर तो परका. यात गप्प बसायची पायरी कुठे आहे? सल्लागार अहीथोफेल बंडखोर मुलगा अबशालोमाला मिळाल्याचं कळलं तेव्हा दावीद राजा अनवाणी, रडत जैतुनांचा डोंगर चढत होता. त्याची मसलत फोल कर, एवढीच प्रार्थना केली, आणि माथ्यावर मित्र हूशय भेटताच तीच मसलत मोडायला त्याला यरुशलेमेत परत धाडलं. रडणं, प्रार्थना आणि बंदोबस्त, सगळं एकाच चढावर.

लोकमान्यनगरची ताई
ती पोस्ट माझी आहे, तेव्हा उत्तरही मीच देते. तुम्ही सतराव्या वचनावर थांबलात. एकविसाव्यात शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू? आणि मग दाखला येतो, राजाने चाकराचं दहा हजार तलंतांचं कर्ज सोडलं त्याचा. एक तलंत म्हणजे साधारण सहा हजार दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे माफ झाले सहा कोटी दिवस, आणि तो चाकर सोबत्याची मानगूट धरतो शंभर दीनारांसाठी. शंभर दीनार म्हणजे तीन-चार महिन्यांची कमाई, ती काही चिल्लर नव्हे. प्रभूने मुद्दाम दुखेल एवढी रक्कम घेतली आहे. वधस्तंभावरून त्याने मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली तेव्हा कोणी पश्चात्ताप केला होता? स्तेफनाने मरताना ज्यांच्यासाठी क्षमा मागितली, त्या दगड मारणाऱ्यांनी केला होता?

रामबागकर
क्षमेला ना नाहीच, ताई. पण क्षमा आणि भरवसा तुम्ही एका पिशवीत कोंबताय. पौलाचं पत्र, २ तीमथ्य ४ उघडा. चौदाव्या वचनात आलेक्सांद्र तांबटाने माझं फार वाईट केलं, पंधराव्यात तूही त्याच्यापासून जपून राहा, आणि सोळाव्यात, सगळ्यांनी मला सोडलं, ते त्यांच्या हिशेबी न धरलं जावो. सावधगिरी आणि क्षमा एकाच दमात. योसेफाने तरी त्याला विकणाऱ्या भावांना लगेच मिठी मारली का? शिमोनाला अडकवून ठेवलं, बन्यामिनाला आणायला लावलं, त्याच्या गोणीत प्याला ठेवला. त्यांच्यातला यहूदा नावाचा भाऊ स्वतः गुलाम राहायला तयार झाला, तेव्हा कुठे ओळख दिली.

पलासियाचा वकील
तुमची वचनं चालू द्या, पण मुदत तुमच्यासाठी थांबत नाही. उसने दिलेल्या पैशाचा दावा तीन वर्षांच्या आत. ती संपण्याआधी मित्राने सहीनिशी लिहून दिलं की एवढे देणं आहे, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं. चेक दिला असेल तर तो तीन महिन्यांत बँकेत भरा. परत आला की बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, त्यानंतर एक महिन्यात तक्रार. इथेच माणसं चुकतात. ‘अरे देतो ना, थोडा थांब’ ऐकत नोटिशीचे ३० दिवस घालवतात. तक्रारीचा उशीर सबळ कारण असेल तर कोर्ट माफ करू शकतं, नोटिशीचा नाही. आणि मित्र पुण्याला पळाला तरी हेलपाटे नाहीत. चेक तुमच्या इंदूरच्या खात्यात भरला असेल तर तक्रार इंदूरलाच.

जामीन राहिलेल्यांनी तर जास्तच लक्ष द्या. बँक आधी कर्जदाराच्या मागे जाईल आणि मग माझ्याकडे येईल, हा भ्रम आहे. ती थेट जामीनदाराला धरू शकते. मात्र तुम्ही फेडलंत की बँकेचे हक्क तुमच्याकडे येतात. म्हणून भरल्याच्या पावत्या आणि कर्ज फिटल्याचं पत्र घेतल्याशिवाय शाखेतून हलू नका.

लोकमान्यनगरची ताई
वा! १ करिंथ ६ फाडून टाकलं का? भाऊ भावावर फिर्याद करतो, तीही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढे, म्हणून पौल लाजवतो. सातवं वचन विचारतं, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? हे तुम्हाला चेकच्या तारखांइतकं पाठ का नाही?

पलासियाचा वकील
पाठ आहे. पाचवंही पाठ आहे. भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का, असं तो विचारतो. म्हणजे निवाडा हवाच आहे. मंडळीतले वडीलधारे ‘प्रार्थना करू’ म्हणून हात झटकतात, म्हणून माणूस कोर्टात येतो. तो राग माझ्यावर काढू नका!

सुदामानगर
मला तर पैशाहून मोठा दगा दुसराच वाटतो. मैत्रिणीला विश्वासाने सांगितलेली घरातली गोष्ट बुधवारच्या प्रार्थनासभेत ‘फक्त प्रार्थनेसाठी सांगते’ म्हणून निघते. नीतिसूत्रे ११:१३ काय सांगतं? चहाडखोर गुप्त गोष्ट उघडी करतो, विश्वासू ती झाकून ठेवतो. प्रार्थनेची विनंती करताना नाव, नातं आणि आजार यांतलं काहीही त्या माणसाला विचारल्याशिवाय घेऊ नये. ‘एका कुटुंबासाठी’ एवढं पुरतं, देवाला पत्ता लागत नाही. पैसा तरी परत येतो. फुटलेली गोष्ट कुठल्या कोर्टात परत मिळते?

रामबागकर
विषय पैशाचा चालला आहे.

सुदामानगर
विषय दग्याचा चालला आहे. स्तोत्र ५५ मध्ये दावीद रडतो तो बुडालेल्या रकमेसाठी नाही. शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती. पण हा तर ज्याच्यासोबत देवाच्या घरात चालत जायचो तो. आणि मंडळीसमोर सांगायची पायरी ही तिसरी आहे, पहिली नाही. इथे मात्र पहिल्याच दिवशी स्क्रीनशॉट ग्रुपवर पडतो.

लोकमान्यनगरची ताई
हे मात्र खरं. आणि रामबागकर, मत्तय १८ सांगणारे निम्मे लोक पहिल्या पायरीवर जातच नाहीत. थेट चर्चच्या पाळकाकडे.

रामबागकर
कबूल. एकट्याने जायचं, घरी, जेवणाच्या वेळी नाही, आणि एकच गोष्ट घेऊन. दहा वर्षांची सगळी यादी उघडली की समोरचा फक्त बचाव करतो.

पलासियाचा वकील
ताईंसाठी एक मधला रस्ता. दावा न लावताच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या, प्रकरण लोक अदालतीत ठेवतात. समझोता दोघांच्या मर्जीने, निवाड्यावर अपील नाही, आणि तो कोर्टाच्या हुकुमासारखाच बजावता येतो. चेकचा खटला चालू असला तरी तो तडजोडीने मिटवता येतो. सोबत मंडळीतला एखादा शहाणा न्या, म्हणजे पौलाचंही ऐकलं.

लोकमान्यनगरची ताई
समझोत्यापुरतं मान्य करते, फिर्यादीपुरतं नाही. पण मग पश्चात्ताप खरा की तोंडदेखला, हे कशावरून ठरवणार?

रामबागकर
लेवीय ६:५. बळकावलेलं पूर्ण परत, वर पाचवा हिस्सा. पन्नास हजार बुडवले तर साठ. जकातदार जक्कयाने तर चौपट कबूल केलं, तेही कोणी न मागता.

लोकमान्यनगरची ताई
कोणी न मागता, हेच मी परवापासून सांगते आहे! वरचे दहा तुम्ही मागून घेतलेत तर ते व्याज झालं. मुद्दल मागा हवं तर. वरचं त्याने आणलं तर आणलं.

पलासियाचा वकील
मुद्दल तरी लेखी मागा. आणि तीन वर्षांच्या आत.