मानेच्या सी-१ आणि सी-२ (वरून पहिल्या व दुसऱ्या) मणक्यांत स्क्रू: डावीकडे धमनी उंच असताना काय करावे?

निवासी_कोकण (प्रश्न)

सर्व ज्येष्ठांस नमस्कार. मी अस्थिशल्य विभागात तिसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर आहे. आमच्या विभागात चाळिशीतले एक गृहस्थ दाखल आहेत. सात महिन्यांपूर्वी ते माडावरून पडले. त्या वेळी मान चोळून घेण्यावर निभावले, आणि आता चालताना पाय जड पडतात, हातातला पेला निसटतो. सीटीत ओडंटॉइडच्या (सी-२ मधून वर आलेल्या दातासारख्या हाडाच्या) बुडाशी झालेले, म्हणजे दुसऱ्या प्रकारचे, न जुळलेले अस्थिभंग दिसते. मान पुढे वाकवली की सी-१ पुढे सरकतो आणि मागे झुकवली की जवळजवळ जागेवर येतो.

आमचा विचार दोन्ही बाजूंना सी-१ लॅटरल मास (मणक्याच्या कडेचा जाड भाग) व सी-२ पेडिकल (मणक्याचा पुढचा व मागचा भाग जोडणारा हाडाचा खांब) यांत स्क्रू घालून सळ्यांनी जोडण्याचा आहे. अडचण डावीकडे आहे. सीटी अँजिओग्रामवर (धमन्या दाखवणाऱ्या सीटीवर) डाव्या व्हर्टिब्रल धमनीची (मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीची) खोबण सी-२ मध्ये बरीच वर चढली आहे: इस्थमसची (वरच्या व खालच्या सांध्यांमधल्या अरुंद हाडाची) उंची ४ मिमी, आणि सांध्याचा पृष्ठभाग व खोबणीचे छत यांच्यामध्ये जेमतेम १.५ मिमी हाड. शिवाय हीच धमनी मोठी असून उजवी बारीक आहे. उजव्या पेडिकलची रुंदी मात्र ५.५ मिमी मिळते.

सी-१ ची मागची कमान पार्श्व क्ष-किरण चित्रात चांगली जाड दिसते. त्यामुळे सी-१ चे दोन्ही स्क्रू कमानीतूनच पुढे न्यावेत, म्हणजे खालच्या शिरांच्या जाळ्यातला रक्तस्राव टळेल, असे मला वाटते. हा विचार बरोबर आहे का, आणि डाव्या सी-२ साठी कोणता पर्याय घ्यावा?

जुना_मज्जाशल्यक

आपली मोजमापे व्यवस्थित आहेत. तरी प्रश्नातल्या ज्या वाक्यावर आपण सर्वांत निश्चिंत दिसता, तिथेच मी थांबलो. कमान जाड दिसते म्हणजे ती जाड आहेच असे नाही. व्हर्टिब्रल धमनी सी-१ च्या छिद्रातून वर आल्यावर लॅटरल मासच्या मागून वळते आणि कमानीच्या वरच्या पृष्ठावरील खोबणीत टेकून मध्याकडे जाते. काही लोकांत या खोबणीवर हाडाचा पूल असतो. त्याला पाँटिक्युलस पोस्टिकस म्हणतात आणि तो इतका दुर्मीळ नाही की गृहीत धरू नये. हा पूल कमानीशी एकजीव दिसला, तर चित्रात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाखालीही कमान रुंद भासते. त्या 'रुंद' हाडाच्या मधोमध ड्रिल टेकवले की ते थेट धमनीत जाते. कमानीतून स्क्रू न्यायचा तर खोबणीच्या तळाशी, पूल वगळून, किमान ४ मिमी उंचीचे हाड असावे, कारण स्क्रूच ३.५ मिमीचा असतो.

शिरांच्या जाळ्याची भीती रास्त आहे, पण तो रक्तस्राव शिरांचा असतो. जिलेटिन स्पंज, कापसाची पट्टी, टेबलाचे डोके थोडे वर आणि थोडा धीर, एवढ्याने तो थांबतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी लाहेरी यांच्यासह १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत सी-२ चा ज्ञानतंतू-गंड (ज्ञानतंतूवरची पेशींची गाठ) कापून सांधा थेट उघडतात. हार्म्स व मेल्चर यांच्या २००१ च्या पद्धतीत तो गंड खाली सारून ठेवतात. कापला तर डोक्याच्या मागच्या भागाला बधिरपणा येऊ शकतो, हे रुग्णाला आधी सांगावे. खाली सारला तर ज्या स्क्रूचा मागचा भाग बिनआट्यांचा असतो तो वापरावा, म्हणजे आटे गंडाला घासत नाहीत.

छेदचित्र

मी क्ष-किरण विभागातून लिहिते. पार्श्व चित्रात दोन्ही बाजू एकमेकींवर पडतात, त्यामुळे या प्रश्नाचा निकाल त्यावर लावू नये. सीटीचे १ मिमी किंवा त्याहून पातळ छेद घेऊन प्रत्येक बाजूचा सॅजिटल (पुढून मागे जाणारा उभा) छेद स्वतंत्रपणे पाहावा. पूल असेल तर कमानीत वाटोळे छिद्र दिसते आणि त्यात औषधाने उजळलेली धमनी. अपुरा पूल असेल तर नुसता काटा दिसतो.

त्याच चित्रांत आणखी दोन गोष्टी पाहून ठेवाव्यात. क्वचित धमनी सी-१ च्या छिद्रातून न जाता कमानीच्या खालूनच, म्हणजे सी-१ व सी-२ यांच्यामधून, मणक्याच्या नळीत शिरते. तसे असेल तर आपण ज्या जागी लॅटरल मास उघडता, नेमकी तिथेच ती आडवी असते. दुसरे म्हणजे लॅटरल मासच्या पुढे अंतर्गत कॅरोटिड धमनी (मानेच्या पुढच्या बाजूने मेंदूकडे जाणारी मोठी धमनी) किती मध्याकडे आहे ते पाहावे. हायपोग्लॉसल (जीभ हलवणारा) ज्ञानतंतूही त्याच परिसरात असतो.

जुना_मज्जाशल्यक

वरील मुद्द्याला एक पुरवणी. सी-१ स्क्रूचे टोक पुढच्या कवचाबाहेर काढण्याचा आग्रह धरू नये. सी-आर्मच्या (शस्त्रक्रियेत वापरायच्या क्ष-किरण यंत्राच्या) पार्श्व चित्रात सी-१ ची पुढची कमान सर्वांत पुढे दिसते, पण लॅटरल मासची पुढची कड तिच्याहून काही मिलिमीटर मागे असते. म्हणून टोक पुढच्या कमानीच्या छायेपर्यंत पोचलेले दिसले, तर प्रत्यक्षात ते हाडाबाहेर गेलेले असते. दिशा मध्याकडे १० ते १५ अंश ठेवावी. कमानीच्या मागच्या पृष्ठावर मध्यरेषेपासून १५ मिमीच्या पलीकडे आणि वरच्या कडेवर ८ ते १० मिमीच्या पलीकडे डायथर्मी (विजेने ऊती कापण्याचे साधन) नेऊ नये.

डाव्या सी-२ मध्ये पेडिकल स्क्रू नको, आणि सांध्याच्या आरपार जाणारा मॅगर्ल स्क्रूही नको, कारण तोही त्याच इस्थमसमधून जातो. धमनीच्या अलीकडे थांबणारा आखूड पार्स (म्हणजे इस्थमसमधला) स्क्रू किंवा लॅमिनातून (मणक्याच्या मागच्या हाडाच्या पत्र्यातून) जाणारा स्क्रू, असे दोन पर्याय उरतात. १.५ मिमी हाड पाहता मी लॅमिनाकडे वळेन, कारण त्या वाटेवर धमनी नाहीच.

कोणती बाजू आधी घ्यायची, त्या क्रमाचाही विचार करावा. पेडिकलच्या भोकातून लालभडक रक्त उसळले, तर तिथे आखूड स्क्रू किंवा बोन वॅक्सने (हाडातला रक्तस्राव थांबवणाऱ्या मेणाने) दाब द्यावा, दुसऱ्या बाजूच्या धमनीला धोका होईल असे काहीही करू नये आणि रुग्णाला थेट अँजिओग्राफीकडे न्यावे.

निवासी_कोकण

सर, मॅडम, दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री सॅजिटल छेद पुन्हा उघडले. डावीकडे पूर्ण पूल आहे, छिद्रात उजळलेली धमनी स्पष्ट आहे आणि तिच्याखाली खरी कमान ३ मिमीच भरते. तेव्हा डावीकडे कमानीखालून लॅटरल मासमध्येच प्रवेश करायचे ठरले. उजवीकडे पूल नाही. कॅरोटिड दोन्ही बाजूंना पुरेशी बाहेर आहे. आधी उजवे पेडिकल आणि मग डावीकडे लॅमिनर स्क्रू, असा बेत आमच्या प्रमुखांनीही मान्य केला. डाव्या लॅमिनाची जाडी ५ मिमी आहे.

जुना_मज्जाशल्यक

जाडी चुकीच्या बाजूची मोजलीत. डाव्या सळीला जोडायच्या स्क्रूचे डोके स्पायनस प्रोसेसच्या (मणक्याच्या मागच्या मधल्या उंचवट्याच्या) बुडाशी डावीकडे असते, पण त्याची दांडी मध्यरेषा ओलांडून उजव्या लॅमिनात शिरते. म्हणून उजव्या लॅमिनाची जाडी पाहावी, आणि ड्रिलचा उतार लॅमिनाच्या उतारापेक्षा किंचित कमी ठेवावा, म्हणजे कवच फुटलेच तर ते मागे फुटेल, मज्जारज्जूच्या बाजूला नाही. हे डोके सी-१ च्या डोक्यापेक्षा बरेच मध्याकडे येते. तेव्हा डावी सळी वाकवावी लागेल किंवा बाजूचा जोडतुकडा लागेल. तो संचात आहे का, हे आदल्या दिवशीच पाहून ठेवावे.