सुक्या गवताची ॲलर्जी आणि घरातले गिनीपिग : तुमचे अनुभव

घरात गिनीपिग आहेत, त्यांच्यावर जीव आहे, पण गवताची पिशवी उघडली की नाक-डोळे वाहायला लागतात, अशा मुंबईकरांसाठी हा अनुभव धागा. ओळखीच्या बऱ्याच घरांतून एकच प्रश्न येतोय : गवत बंद करता येईल का? त्याचं उत्तर आधीच देते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. नाही करता येणार. गिनीपिगच्या आहारात साधारण 80 टक्के सुकं गवत लागतं. त्यांचे पुढचे दात आणि दाढा जन्मभर वाढत राहतात, आणि लांब काड्या चावूनच त्या झिजतात. आतडंही त्या तंतूंवरच हलतं राहतं. पेलेट, म्हणजे दाबून केलेले खाद्याचे तयार दाणे, कितीही भारी आणले तरी त्यांनी हे काम होत नाही. तेव्हा गवत घरात राहणार हे धरून चालायचं, आणि आपण त्याच्यासोबत कसं राहायचं ते शोधायचं.

माझ्याकडे दोन माद्या आहेत, बुंदी आणि चकली. दादरला वन बीएचके आहे. मला शिंकांची माळ लागते, डोळे आणि टाळू खाजते. सगळ्यात आधी मी ॲलर्जीतज्ज्ञांकडे जाऊन स्किन प्रिक टेस्ट (कातडीवर टोचून कशाची ॲलर्जी आहे ते बघतात) करून घेतली, आणि माझा आग्रह आहे की तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. गवतामुळे त्रास होतो असं आपण म्हणतो, तेव्हा त्यामागे गवताचे परागकण असू शकतात, साठवणीत लागलेली बुरशी असू शकते, धूळ आणि तिच्यातले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे किडे) असू शकतात, किंवा खुद्द गिनीपिग असू शकतो. त्यांच्या लाळेतली, लघवीतली आणि कोंड्यातली प्रथिनं गवताला चिकटतात आणि आळ गवतावर येतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा. परागाची ॲलर्जी असताना प्राणी देऊन टाकला, किंवा प्राण्याची असताना महागडं गवत बदलत बसलं, तर हाल फक्त वाढतात.

टेस्टच्या आधी सेट्रिझिनसारख्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात. किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. थांबवणं शक्य नसेल तर रक्त तपासून कळतं. माझ्या हातावर टिमोथीची, म्हणजे गिनीपिगना नेहमी सुकं घालतात त्या गवताच्या परागाची गांधी चांगलीच उठली, प्राण्याची उठली नाही. त्या दिवशी मला खरोखर हायसं वाटलं.

त्यानंतर मी पहिल्या कापणीचं टिमोथी आणणं सोडलं. त्यात तुरे जास्त असतात आणि पराग तुऱ्यांतच. दुसऱ्या कापणीचं गवत पानाळ आणि मऊ असतं, तुरे कमी. दिसेल तेवढे तुरे यजमान गॅलरीत बसून काढून टाकतात. गवत भरताना एन-95 मास्क आणि चष्मा घालते, आणि भरून झालं की तोंड धुऊन कपडे बदलते.

आता तुम्ही लिहा. कुणाला जमलं, कुणाला नाही, दोन्ही हवंय.

मुलुंडकर

त्रास आमच्या मुलाला आहे, आणि गिनीपिगही त्याचेच. त्यामुळे गवताचं खातं माझ्याकडे आलं. आमच्या लक्षात आलं की उन्हाळ्यात तो ठणठणीत असतो आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये बेजार होतो. पाकीट तेच, कंपनी तीच. टेस्टमध्ये बुरशी निघाली. मुंबईच्या पावसाळी हवेत उघडलेलं पाकीट आठवड्या-दोन आठवड्यांत दमट होतं, डोळ्यांना बुरशी दिसायच्या आधी वास येतो. ओल्या गोणपाटासारखा वास आला की ते गवत प्राण्यालाही घालायचं नाही.

आता पावसाळ्यात मोठं पोतं आणत नाही, स्वस्त पडत असलं तरी. लहान पाकिटं आणतो आणि एसीच्या खोलीत उंचावर ठेवतो. एसी ड्राय मोडवर लावला की गवतही कोरडं राहतं आणि प्राण्यांनाही बरं. त्यांना 18 ते 24 अंश मानवतं, आपला मे महिना आणि ऑक्टोबर त्यांना झेपत नाही.

गवत मोकळं टाकत नाही. जुन्या सुती उशीच्या अभ्ऱ्याला खाली भोकं पाडून हिने शिवून घेतलंय. अभ्रा मी गॅलरीत भरतो आणि तोंड बांधून आत आणून अडकवतो. ती दोघं भोकांतून काड्या ओढून खातात. खोलीत उडणारी धूळ त्यामुळे फारच कमी झाली. आणि केरसुणी बंद! पिंजऱ्याभोवती ओल्या फडक्यानेच पुसायचं. केर काढला की सगळं हवेत जातं आणि पोराच्या नाकात येऊन बसतं.

परळहून, पशुवैद्यकाची विद्यार्थिनी

मुलुंडकर काकांनी बुरशीचं सांगितलं ते फार महत्त्वाचं आहे. धुळकट, बुरसटलेलं गवत गिनीपिगच्या फुप्फुसांनाही वाईटच. तुमच्यासोबत तोही शिंकत असेल तर 'त्यालाही ॲलर्जी आहे' म्हणून हसून सोडू नका. नाकातून स्राव, डोळ्यांत चिकटा, खाणं कमी अशी लक्षणं असतील तर त्याच दिवशी दाखवा. श्वसनाचा संसर्ग या प्राण्यांत झपाट्याने वाढतो.

घरातल्या माणसाची तब्येत बिघडली म्हणून चार दिवस गवत न देणं किंवा फक्त काकडी-गाजरावर ठेवणं, हे कृपा करून करू नका. गिनीपिगचं पोट रिकामं राहून चालत नाही. बारा तास त्याने काहीच खाल्लं नाही तर ती तातडीची वेळ समजायची. लाळ गळणं, घास तोंडातून पडणं, लेंड्या बारीक होणं ही दातांच्या दुखण्याची खूण असू शकते.

स्वतःच्या सर्दीसाठी आणलेलं अँटिबायोटिक त्याला कधीही देऊ नका. तोंडावाटे दिलेलं पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतं आणि त्यात जीव जाऊ शकतो.

लसूणघास आणि भाताचा पेंढा गवताच्या जागी देणारेही भेटतात. लसूणघासात कॅल्शियम जास्त, मोठ्या प्राण्यात मूतखड्याचा धोका. तो पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक. पेंढ्यात पोषण नाही आणि तो टोचतो. ढोबळी मिरची आणि कोथिंबीर मात्र रोज द्या, कारण आपल्यासारखंच त्यांचं शरीर क जीवनसत्त्व बनवू शकत नाही.

गिरगावची

आमची चाळीतली एक खोली. पिंजरा बेडरूममध्ये ठेवू नका असं सगळे सांगतात, पण एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास, झोपणं, सगळं. बाहेर सामायिक गॅलरीत ठेवायचे तर मांजरी आणि उन्हाची तिरीप. म्हणून माझं थोडं सविस्तर लिहिते, मोठं घर नसणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

टिमोथी आणलं की मला रात्रभर झोप नाही, नाक चोंदलेलं, सकाळी डोळे सुजलेले. टेस्टमध्ये टिमोथीला जोरात प्रतिक्रिया आली. त्याच पट्टीत आपली दूर्वाही होती, तिला अगदी किरकोळ आली. डॉक्टरांनी समजावलं की टिमोथी आणि ऑर्चर्ड ही थंड प्रदेशातली गवतं एकमेकांच्या जवळची, त्यामुळे एकाची ॲलर्जी असणाऱ्याला बहुधा दुसऱ्याचीही असते. मी ऑर्चर्ड मागवणार होते, ते पैसे वाचले. दूर्वा मात्र वेगळ्या उपकुळाची. परदेशात गिनीपिगना बर्म्युडा गवत म्हणून जे देतात ती हीच हरळी, आपली दूर्वा.

हे घरी सांगितल्यावर आजी म्हणाली, "अगो, मग भुलेश्वरातून आणत जाऊ की!" तेव्हापासून सकाळी देवाच्या दूर्वांबरोबर आमच्या दोन्ही गिनीपिगांच्याही जुड्या येतात. आजी त्या दोन-तीन पाण्यांतून धुते, फडक्यावर पसरून पाणी निथळू देते आणि स्वतः भरवते. ताजी दूर्वा धुऊन घेतल्यामुळे धूळ जवळजवळ नसतेच. आधी अगदी चिमूटभर दिली आणि हळूहळू वाढवली, कारण एकदम हिरवं जास्त झालं तर पोट फुगतं. बागेतलं कापलेलं गवत आणत नाही, त्यावर फवारणी असते आणि कुत्र्यांचा वावर असतो.

सुकं गवत सोडलेलं नाही. सुकवलेली हरळी मिळते तेव्हा ती, नाहीतर थोडं टिमोथी, अभ्ऱ्यात बांधून रात्री. भरायचं काम भाऊ गच्चीवर जाऊन करतो. पिंजरा आणि माझं अंथरूण खोलीच्या दोन टोकांना. पंख्याचा झोत पिंजऱ्यावरून माझ्याकडे येणार नाही अशी दिशा ठेवली, आणि एवढ्यानेच रात्रीचा फरक मला जाणवला. अंथरूण-पांघरूण दिवसा चादरीखाली झाकलेलं असतं.

ही दोघं नसती तर बारावीचं वर्ष मला फार जड गेलं असतं. म्हणून इतकी धडपड.

बोरिवली पूर्व

मला शिंका नाहीत, फक्त हात. गवतात हात घातला की कोपरापर्यंत पित्त उठल्यासारख्या गांध्या. लांब बाह्यांचा जुना शर्ट आणि भांडी घासायचे रबरी हातमोजे, नंतर साबणाने हात धुणं. यावर निभावतंय. प्राणी मांडीवर घेताना आधी त्याच्या अंगावरच्या काड्या झटकते आणि मांडीवर टॉवेल घेते.

चेंबूरहून

न जमलेलंही लिहा असं म्हटलंय म्हणून लिहितो.

माझ्या पत्नीला दमा आहे. आम्ही गवत बदललं, मास्क, हेपा फिल्टरचं हवा शुद्ध करणारं यंत्र, सगळं केलं. तरी रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा आणि पंप वाढत गेला. तपासणीत गवताचं काहीच आलं नाही, ॲलर्जी गिनीपिगचीच होती. डॉक्टर म्हणाले, नाक वाहतंय तोवर तडजोड करू, पण फुप्फुसाशी तडजोड नको. ते मला पटलं.

आमचा गुंड्या आणि त्याचा जोडीदार आता पनवेलला भाचीकडे आहेत. दोघांना वेगळं केलं नाही, कारण हे कळपाने राहणारे प्राणी, एकटे पडले की खंगतात. स्वित्झर्लंडमध्ये तर एकटा गिनीपिग पाळायला 2008 पासून कायद्याने मनाई आहे. भाची फोटो पाठवते. ही मात्र अजून कोथिंबीर निवडताना देठं बाजूला काढते. तिला थांबवावंसं वाटत नाही मला.

दमा असेल त्यांनी तपासणी लांबणीवर टाकू नये, एवढंच माझं मागणं आहे.

दादर (धागा सुरू करणारी)

काका, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. काकूंची तब्येत आता बरी असेल अशी आशा. जोडी न तोडता त्यांना चांगल्या घरी पोचवणं ही मला मोठी माया वाटते.

अंधेरीहून

औषधांबद्दल माझा अनुभव. नाकातला स्टिरॉइडचा स्प्रे मी आधी शिंका आल्या की मारायचो आणि उपयोग नाही म्हणायचो. तो रोज घ्यायचा असतो, पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. मारताना नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला रोख ठेवायचा. नाहीतर रक्त येतं. पिंजरा साफ केल्यावर मिठाच्या पाण्याने नाक धुतो, पाणी उकळून गार केलेलंच घेतो. गोळ्यांमध्ये सेट्रिझिनने मला लोकलमध्ये डुलक्या यायच्या, डॉक्टरांनी फेक्सोफेनाडिन दिलं ते चाललं. परागाची ॲलर्जी पक्की असेल तर इम्युनोथेरपीही असते, म्हणजे शरीराला त्या परागाची हळूहळू सवय लावणारे जिभेखालचे थेंब किंवा इंजेक्शनं. पण तीन ते पाच वर्षं नेटाने घ्यावी लागते. मी सुरू केली आहे.

शिवडीहून

पिंजऱ्यात खाली काय घालता? आमच्याकडे लाकडाचा भुसा आहे.

दादर (धागा सुरू करणारी)

भुसा बंद करून बघा. बारीक भुशाची धूळ गवताइतकीच त्रास देते, आणि पाइन-देवदारच्या कच्च्या भुशातली द्रव्यं प्राण्यालाही चांगली नाहीत. आम्ही खाली शोषणारं जुनं कापड आणि वर फ्लीस (लोकरीसारखं मऊ कापड) घालतो. काड्या झटकायचं काम खोलीबाहेर, शक्यतो ॲलर्जी नसलेल्या माणसाने, आणि धुवायला वेगळी बादली. तीन-चार दिवसांनी बदललं नाही तर लघवीचा वास बसतो, तेवढं बघा.

मुलुंडकर

गिरगावच्या ताई, पावसात दूर्वा सुकवता येते का? आमच्याकडे सोसायटीच्या मागे स्वच्छ हरळी आहे, फवारणी होत नाही.

गिरगावची

पावसात नका सुकवू काका, आतून ओली राहते आणि तुमच्याकडे तर बुरशीचाच त्रास. त्या दिवसांत ताजीच द्या, धुऊन, लगेच खाऊन संपेल एवढीच. उरलेली पिंजऱ्यात ठेवू नका. सुकवायची तर पाऊस पूर्ण गेल्यावर. दसऱ्यानंतर ऊन कडक झालं की सुती साडीवर पातळ पसरायची, दिवसातून दोनदा वरखाली करायची आणि दिवेलागणीला आत घ्यायची. काडी वाकवल्यावर कटकन मोडली पाहिजे. त्या दिवसांत गवताला तुरे येतात, तेव्हा तुरे येण्याआधीची कोवळीच कापा, आणि कापताना मुलाला लांब ठेवा.