परवा डिलिव्हरी आहे, ५ वर्षांचा प्लॅन घ्यायचा की नाही ते आज ७ पर्यंत सांगायचंय

सी ६०३: नमस्कार मंडळी, डोकं फिरलंय म्हणून इथे टाकतोय. परवा गाडी ताब्यात मिळतेय आणि दुपारपासून शोरूमचा मुलगा मागे लागलाय की ५ वर्षांचा प्रीपेड मेंटेनन्स प्लॅन आजच घ्या, नंतर महाग पडेल. ५ वर्षं किंवा ७५,००० किमी. मॅन्युअलमध्ये सर्व्हिस १५,००० किमीला लिहिलीय आणि टर्बो गाड्या (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या) चालवणारे मित्र म्हणतायत पहिलं ऑइल १५,००० पर्यंत ठेवलंस तर इंजिनाची वाट लागेल. कुणाचं ऐकू? संध्याकाळी ७ पर्यंत हो-नाही सांगायचंय

बी ५०१: अभिनंदन भावा!! पहिली चक्कर आमची

सेक्रेटरी काका: अभिनंदन. पण हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. टाकी सफाईचा मेसेज वर गेला, तो कुणी वाचलेला दिसत नाही.

ए १०१ काका: १५,००० च्या पुढे मॅन्युअलमध्ये "किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते" असं असणार. ते वाच आधी.

सी ६०३: हो काका, तसंच आहे

ए १०१ काका: मग तुझ्यासाठी किमी विसर. तू ऑफिसला कंपनीच्या बसने जातोस. वर्षाला किती चालेल गाडी?

सी ६०३: शनिवार रविवार आणि अधेमधे. ६-७ हजार

ए १०१ काका: म्हणजे वर्षच आधी येणार. ऑइल नुसतं किमीने खराब होत नाही.

डी २०५ वहिनी: गाडीचा विषय निघालाच आहे तर आत्ताच सांगते, आमची बेडरूम तुमच्या पार्किंगच्या बरोब्बर वर आहे. टेस्ट ड्राइव्हची गाडी आणली होती तेव्हा सकाळी सहाला जो आवाज झाला त्याने सासूबाई दचकून उठल्या. रोज असंच होणार आहे का?

सी ६०३: वहिनी खरंच सॉरी, त्यांनाही सांगा. मी रेस देत नव्हतो, थंड इंजिन सुरू केलं की ते आपणहून जास्त आरपीएमवर जातं, एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर गरम व्हावा म्हणून. मिनिटभरात उतरतं

बी ४०२ दादा: आणि ते मिनिटभर संपायची वाट बघत उभं राहू नकोस, निघ आणि हळू चालव. ऑइल गरम व्हायला कूलंटच्या पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तापमानाचा काटा मधे आला म्हणजे झालं असं नाही. वहिनींनाही त्रास नाही आणि टर्बोलाही नाही.

डी २०५ वहिनी: बघू. परवा कळेलच.

बी ४०२ दादा: आता प्लॅनचं. माझी गाडी घेतली तेव्हा मी असाच घाईत घेतला होता, ४ वर्षं / ६०,००० किमी. चाललो २४,०००. पैसे ६० हजार किमीचे दिले, वापर निम्म्याहून कमी. आणि तिसऱ्या वर्षी पुढचे ब्रेक पॅड संपले तेव्हा काउंटरवर मला शांतपणे सांगितलं की सर, पॅड वेअर अँड टेअरमध्ये येतात, प्लॅनमध्ये नाही. नाव घेत नाही, पण तो दिवस मी विसरलेलो नाही. जोराच्या गाडीला पॅड, डिस्क, टायर हाच तर खरा खर्च!

सी ३०४ ताई: लिफ्टची एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार) आठवली. तीच गोष्ट.

सेक्रेटरी काका: लिफ्टचा इथे काय संबंध?

सी ३०४ ताई: संबंध हाच की "सगळं कव्हर्ड आहे" असं आम्हाला सांगितलं गेलं आणि रोप बदलायची वेळ आली तेव्हा वेगळं बिल आलं.

सेक्रेटरी काका: ती नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह होती, म्हणजे सुटे भाग वेगळे, आणि ते मी मिटिंगमध्ये वाचून दाखवलं होतं. ज्यांना यायला वेळ नसतो त्यांनी नंतर ग्रुपवर बोलू नये एवढीच नम्र विनंती.

बी ४०२ दादा: काका त्या मिटिंगला मी होतो. वाचून दाखवलं, पण रोपचा कागद मागच्या पानावर होता.

सेक्रेटरी काका: धन्यवाद. मिनिट्स ऑफिसमध्ये उपलब्ध आहेत.

ए १०१ काका: पुन्हा टाकतो. वर्ष किंवा किमी, जे आधी होईल ते. हे सर्व्हिसलाही लागू आणि प्लॅनलाही लागू.

सी ६०३: लिफ्ट नंतर बघू ना प्लीज, पावणेसहा झाले

सी ३०४ ताई: हो रे, सॉरी. मी हिशेब मांडते. ७,००० धर, ५ वर्षांत ३५,०००. वर्षाला एक म्हणून सर्व्हिस ५, पण पाचवी बरोब्बर प्लॅन संपतो त्या दिवशी येते. अपॉइंटमेंट दोन दिवस उशिरा मिळाली तर चारच. तेव्हा प्लॅन तारखेने संपतो की सर्व्हिसच्या संख्येने, हे लेखी घे. गाडीच्या लोनमध्ये टाकतायत का तेही बघ, ५ वर्षांनी होणाऱ्या सर्व्हिसवर आजपासून व्याज भरशील.

सी ६०३: लोनमध्येच टाकतायत

सी ३०४ ताई: मग आधी तो बाहेर काढ.

बी ४०२ दादा: आणि जड कामं कुठे येतात बघ. माझ्या गाडीचा ६ गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी (क्लच ऑइलमध्ये बुडालेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, त्याचं ऑइल ६०,००० किमीला. तुझ्यात स्पार्क प्लग आणि गिअरबॉक्स ऑइल असंच ६०,००० ला असेल आणि वर्षांची अट नसेल तर ३५,००० मध्ये ते येणारच नाही. प्लॅनच्या यादीत मात्र ठळक अक्षरात छापलेलं असतं.

बी ५०१: म्हणजे जेवढी कमी चालवणार तेवढं जास्त नुकसान?? भावा रोज मला ऑफिसला सोडत जा, प्लॅन वसूल होईल

ए १०१ काका: कमी चालवणं इंजिनालाही सोपं नसतं. थंड इंजिन, ५ किमी जाऊन बंद, असं रोज केलं की ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल मिसळतं, ते उडून जायला ऑइल गरमच होत नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या टर्बो इंजिनांत हे जास्त. मी आयुष्यभर कंप्रेसर सांभाळले, लोकांना वाटायचं मशीन बंद आहे म्हणजे नवीन आहे.

सी ६०३: पण काका गाडी तर स्वतःच दाखवते ना ऑइल किती टक्के उरलं

ए १०१ काका: बहुतेक गाड्यांत ते ऑइल बघून सांगत नाहीत. इंजिन किती फिरलं, किती तापलं, किती वेळा थंड सुरू झालं याचा हिशेब करतात. हिशेब चांगला असतो, पण हिशेबच. आणि पुन्हा, वर्ष किंवा किमी.

बी ४०२ दादा: पहिल्या ऑइलचं सांगतो. तुझे मित्र पूर्ण चूक नाहीत, पण सगळ्या गाड्यांना एकच नियम नाही. बीएमडब्ल्यूच्या एम (जोराच्या) गाड्यांना कंपनीच २,००० किमीला रनिंग-इन सर्व्हिस (नवं इंजिन रुळल्यावरची पहिली) सांगते, इंजिन ऑइल, फिल्टर आणि मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचं) ऑइलही बदलतात, तोवर ५,५०० आरपीएमच्या वर जायचं नाही. तुझ्या मॅन्युअलमध्ये तसं काही नसेल तर १५,००० किंवा वर्ष पाळलंस तरी वॉरंटीला धक्का नाही. पण नव्या इंजिनाचे पार्ट एकमेकांवर बसताना बारीक धातू निघतोच. मी ३,००० ला स्वतःच्या पैशाने बदललं होतं, तुझ्या जागी आत्ताही तेच करीन.

सी ६०३: प्लॅनमध्ये नाही बसणार का ते?

बी ४०२ दादा: नाही. प्लॅन म्हणजे कंपनीच्या वेळापत्रकातली सर्व्हिस. मधलं तुझं तू. फक्त ऑइल मॅन्युअलमधल्या स्पेसिफिकेशनचंच टाक, नुसता ५डब्ल्यू-३० हा जाडीचा नंबर जुळून पुरत नाही, आणि बिल जपून ठेव.

ए १०१ काका: ब्रेक फ्लुइड विसरू नका. हवेतली ओल ओढतं ते. डॉट ४ या दर्जाच्या फ्लुइडची किमान अट बघा, कोरडं असताना २३० अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी गेलं की १५५ ला. घाटात जोरात उतरताना फरक जिवाचा आहे. बहुतेक कंपन्या २ वर्षांनी बदला म्हणतात, गाडी उभी असली तरी. म्हणजे वर्ष, किमी नाही.

बी ५०१: फेरारीवाले तर ७ वर्षं मेंटेनन्स गाडीबरोबरच देतात, दर २०,००० किमीला किंवा वर्षाला. तीच घ्यायची होती

डी २०५ वहिनी: ती नको. ही पुरे आहे आम्हाला.

सी ६०३: वहिनी

सी ३०४ ताई: दोन प्रश्न राहिले. गाडी विकलीस तर प्लॅन नव्या मालकाला जातो का, आणि अपघातात टोटल लॉस झाली तर उरलेले पैसे परत मिळतात का. विचार, आणि उत्तर मेलवर घे. फोनवर सगळे हो म्हणतात.

ए १०१ काका: ट्रॅकवर नेणार आहेस का कधी?

सी ६०३: एखादा ट्रॅक डे (रेसिंग ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायचा दिवस) करायचा विचार आहे, त्यासाठीच तर घेतली

ए १०१ काका: मग ट्रॅकबद्दल काय लिहिलंय ते वॉरंटीतही वाच आणि प्लॅनमध्येही. ट्रॅकवरचे २०० किमी हे रस्त्यावरचे २०० नाहीत. जाण्याआधी ब्रेक फ्लुइड, आल्यावर ऑइल. तिथे वर्षही नाही आणि किमीही नाही.

बी ४०२ दादा: काकांनी स्वतःचा नियम मोडला!

ए १०१ काका: मोडला नाही. ज्याने जास्त तापलं त्याचं आधी.

सेक्रेटरी काका: टाकी उद्या सकाळी १० ते १ बंद. तिसऱ्यांदा लिहितो आहे. आणि सी ६०३, नव्या गाडीचा नंबर आला की स्टिकरचा फॉर्म भरा, नाहीतर वॉचमन अडवतो आणि मग मला फोन येतात.

सी ६०३: भरतो काका. अपडेट देतो, आत्ता बोललो त्याच्याशी. ५ चा नाही म्हटलं. ३ वर्षांचा आहे, तो सर्व्हिस मोजून आहे, ३ सर्व्हिस आणि एक ब्रेक फ्लुइड, तिसरी घ्यायला तिसरं वर्ष उलटल्यावर वर २ महिन्यांची मुभा. नव्या मालकाला जातो. टोटल लॉसचं मेल करतो म्हणालाय, मेल आला तर लोनमध्ये न टाकता घेणार, नाही आला तर प्रत्येक वेळी पैसे भरून सर्व्हिस करीन. आणि "नंतर महाग पडेल" चं विचारलं तर म्हणे पहिल्या सर्व्हिसपर्यंत कधीही घ्या, दर तोच

सी ३०४ ताई: बघ! दुपारपासून उगाच जीव टांगणीला.

बी ४०२ दादा: ३,००० झाले की सांग, ऑइलच्या वेळी मी येतो बरोबर. जुनं ऑइल कसं निघतं ते बघायचंय मला.

सी ६०३: नक्की दादा. वहिनी, परवा गाडी संध्याकाळी आणतो, सकाळी नाही. आणि मागच्या गेटजवळचा पाहुण्यांचा स्लॉट कुणी बदलून देणार असेल तर मी तिकडे लावायला तयार आहे

डी २०५ वहिनी: सासूबाईंना सांगते. त्यांना गाडी बघायची पण आहे म्हणे.

सेक्रेटरी काका: पाहुण्यांचा स्लॉट कायमस्वरूपी देता येत नाही, तो मिटिंगचा विषय आहे.

ए १०१ काका: डिलिव्हरीची तारीख गाडीच्या पुस्तकात पहिल्या पानावर पेनाने लिही. वर्ष तिथून मोजायचं.