गाढवावर विटा किती लादता येतात? आणि 50 रुपयांच्या दंडाचं काय करायचं?

मुरारकर: ग्वाल्हेरात लष्कर या भागाच्या ज्या गल्ल्यांत ट्रॅक्टर शिरत नाही, तिथं विटा-रेती अजून गाढवांवरूनच जाते, मे महिन्याच्या भर दुपारीसुद्धा. वजनाला काही मर्यादा आहे का? चौकीत उत्तर एकच मिळतं, 'गुन्हा दखलपात्र नाही', म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करणार नाहीत. मग कायद्यात बदलायला काय हवं?

गोणी_घमेलं: मर्यादा आहे. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांत गाढवाला 50 किलो, तट्टाला 70, खेचराला 200. वीट साधारण 3 किलोची धरा, म्हणजे सोळा विटा, एका बाजूला आठ. विटा मोजणं सोपं. रेतीत गफलत होते, कारण पाण्यानं थबथबलेली रेती तेवढ्याच घमेल्यांत वजनाला जास्त भरते. दिवसाला 9 तास, सलग 5 तासांवर नाही, आणि पारा 37 च्या वर असेल तर 12 ते 3 काम बंद. ग्वाल्हेरात म्हणजे अख्खा उन्हाळाच.

जिन्सीवाला: चौकीचं उत्तर अर्धंच खरं. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात जादा ओझं कलम 11(1)(क) खाली येतं आणि ते अदखलपात्र आहे, हे बरोबर. पण कलम 34 प्रमाणे शिपायाच्या वरचा पोलीस अधिकारी जनावर ताब्यात घेऊन पशुवैद्याकडे तपासणीला नेऊ शकतो. पोलिसांना द्यायच्या अर्जात हे कलम लिहाच. जोडीला एकाच गाढवाचे दोन्ही बाजूंचे फोटो, विटा मोजता येतील असे, शिवाय वेळ आणि जागा. धर्मकाट्याच्या भरवशावर राहू नका. ट्रकच्या काट्याला पाच-दहा किलोचा फरक कळतच नाही. आणि 3 महिन्यांनंतर खटला दाखल होत नाही (कलम 36). बरेच अर्ज नुसते फिरत राहून इथंच मरतात.

गोणी_घमेलं: बदलाबद्दल माझं मत जरा उलटं आहे. पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये ही थट्टाच, पण नुसता दंड वाढवला तर भरणार तो गाढववाला, आणि तो खेपेवर पैसे घेतो म्हणूनच जास्त लादतो. कलम 11 मध्ये छळ 'करवणारा'ही येतो, तेव्हा आजच ठेकेदाराचं नाव अर्जात घालता येतं. कोणी घालत नाही. बदलायचंच तर आधी जादा ओझं दखलपात्र करा आणि 3 महिन्यांची मुदत वाढवा.

मुरारकर: म्हणजे अर्जात ठेकेदार आधी, गाढववाला नंतर?

जिन्सीवाला: दोघंही. बांधकामाच्या परवानगीचा फलक लावलेला असेल तर त्याचाही फोटो घ्या, मालक-ठेकेदाराची नावं तिथंच सापडतात.