आउलमॅनसाठी तरी बघाच
'जस्टिस लीग: क्रायसिस ऑन टू अर्थ्स' (२०१०) हा सुपरहिरोंचा ॲनिमेशनपट म्हणजे जुन्या मालिकेचाच ताणलेला भाग वाटतो, असं कुणीतरी म्हटलंय. वाटणारच की! ड्वेन मॅकडफीने ही पटकथा मुळात 'जस्टिस लीग' आणि 'जस्टिस लीग अनलिमिटेड' या दोन कार्टून मालिकांमधला दुवा म्हणून लिहिली होती. तो बेत बारगळला, मग डागडुजी होऊन सिनेमा थेट डीव्हीडीवर आला.

मारामाऱ्या नेहमीच्याच. पण आउलमॅन, म्हणजे समांतर पृथ्वीवरचा दुष्ट बॅटमॅन! जेम्स वूड्सचा तो थंड, कंटाळलेला आवाज. (पुढे रहस्यभेद.) शेवटी एका गोठलेल्या, निर्मनुष्य समांतर पृथ्वीवर स्वतःचाच बॉम्ब थांबवायला त्याच्या हातात काही क्षण असतात, आणि तो थांबवत नाही. असा खलनायक मोठ्या पडद्यावरही क्वचितच दिसतो. मी तेवढाच प्रसंग तीनदा मागे नेऊन पाहिला.