साधे, स्वस्त, दुर्लक्षित उपचार : तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठ
सकाळी जावेचा फोन. बाळाला जुलाब, डॉक्टरांनी ओआरएस दिलंय, आणि घरातली मोठी माणसं म्हणताहेत, "नुसतं साखरमिठाचं पाणी? एक सलाइन तरी लावायला सांग." आईच आठवली एकदम. परभणीकडच्या खेड्यात अंगणवाडीताई होती ती. पावसाळाभर दारोदारी एकच पाठ: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर ओतून द्या, नव्यानं करा. अंगावरचं दूध तोडू नका.

यातली साखर चवीसाठी नाही हो. आतड्यात साखर शोषली जाताना मिठातल्या सोडियमला सोबत नेते, त्यांच्यामागून पाणी. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रम भरभरून हेच पाणी ठेवलं. पाजायला नातेवाईक. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांखाली आलं!

असं काही तुमच्या घरात घडलंय का? लिहा.

रानजाई
चक्कर!! सासऱ्यांना कूस बदलली की घर फिरायचं. मानेचा पट्टा झाला, एमआरआय झाला, गोळ्या तर चालूच. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी टेबलावर आडवं करून डोकं या बाजूला, त्या बाजूला वळवलं, थोडा वेळ तसंच धरलं. उठले ते चालत बाहेर आले. आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून नळीत शिरतात, ते परत जागी न्यायचे. एपली म्हणतात त्याला. कुठला कान ते आधी तपासावं लागतं, व्हिडिओ बघून घरी करू नका.

सदू_पुणे
@गोदाकाठ झिंक दिलंय ना? जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण करायचं.

गोदाकाठ
हो, दिलंय. आता खेळतंय म्हणे, शी पण घट्ट झालीय 🙏

मीनल७
दुकानात ओआरएस मागितलं की गोड टेट्रापॅक पुढे करतात, फार चीड येते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं याविरुद्ध लढल्या. 2025 च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांवर ओआरएस लिहायला मनाई केली. पुडीच घ्या, वर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघून.

मालवणी_माय
आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून. आजारी असो नसो, सकाळची न्याहारीच ती. सोबत खाराची कैरी.

सदू_पुणे
उकडा तांदूळ पुण्यात कुठे मिळतो? लाल हवाय.

दत्ता_काका
माझा पाठचा भाऊ जुलाबानेच गेला. तेव्हा म्हणायचे पाणी देऊ नका, जुलाब वाढतात. ओठ कोरडे पडलेले आठवतात त्याचे. गोदाकाठ, तुझ्या आईसारखी कुणी आमच्या गावात हवी होती.

गोदाकाठ
काका, काय बोलू. आईला सांगते तुमचं लिहिलेलं.

रानजाई
काका 🙏

नवी_आई
ओकारी होत असेल तर कसं पाजायचं? माझी सगळं बाहेर काढते.

मीनल७
ओकारी झाली की दहा मिनिटं थांब, मग चमच्या-चमच्यानं. बाटलीनं नको. सुस्त वाटली, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा शीतून रक्त पडलं तर घरी थांबू नकोस, लगेच दवाखाना गाठ.

मालवणी_माय
@सदू_पुणे कोकणातला माल ठेवणारं दुकान बघा. भिजत घालून शिजवा, वेळ लागतो त्याला.